रथसप्तमीची हिरवी नेट

"निरंजनराव, जवळपास सुवर्णा नाही ना?"

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी मिरजेत एका दवाखान्याबाहेर गाडीत बसून वडापाव खात होतो. घास तसाच तोंडात राहिला. लग्न होऊन चांगली तीन वर्षं झाली होती, पण त्यांनी मला आपणहून कधी फोन केला नव्हता. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा सुवर्णाच्या फोनवरून यायच्या, "जावईबापूंनाही सांग" अशा.

"नाही, बाई. मी बाहेर आहे. काय झालं? अण्णा बरे आहेत ना?"

"अण्णांना काय धाड भरलीय! मी उद्या सांगलीला येतेय. स्टँडवर घ्यायला या. आणि सुवर्णाला कळता कामा नये. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

फोन बंद. मी उरलेला वडापाव हातात धरून तसाच बसून राहिलो.

माझ्या सासूबाई म्हणजे तासगावच्या हेमलता म्हेत्रे. हायस्कूलला उभा जन्म खेळाच्या शिक्षिका होत्या; अण्णा, म्हणजे माझे सासरे, शेती बघायचे. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायचो. आई म्हणायची माझी छाती नव्हती. रोज सकाळी त्या गच्चीवर पूर्वेकडं तोंड करून सूर्यनमस्कार घालायच्या आणि मग तांब्यानं सूर्याला अर्घ्य द्यायच्या. त्यांचा तांब्या चमकला की समोरच्या आळीतली माणसं डेअरीला दूध घालायला निघायची. "कोवळं ऊन म्हणजे फुकटचं टॉनिक," हे वाक्य तासगावातल्या निदान दोन पिढ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं असेल. आणि रथसप्तमीला तर काय, शाळेच्या मैदानावर अख्खं गाव त्यांच्या आकड्यांवर वाकायचं आणि उठायचं.

आणि मी कोण? मी लेझरची मशीनं विकायचो. अंगावरचे नको असलेले केस काढायची. सांगली, मिरज, कोल्हापूरकडच्या कातडीच्या डॉक्टरांकडं जायचं, मशीन दाखवायचं, बसवून द्यायचं, बिघडलं की शिव्या खायच्या. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करता?" मी भाबडा. बॅगेतून पत्रकं काढून अर्धा तास समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दाढीचंच काम. फक्त वीजबिल जास्त."

लग्न झालं, पण तेव्हापासून त्या लोकांना सांगायच्या, "आमचे जावई मेडिकल लाइनमध्ये आहेत." बारशाला तेच, मुंजीला तेच. निम्मं तासगाव मला डॉक्टर समजायचं. एका लग्नात तर एका आजोबांनी पंक्तीतच धोतर वर करून मला गुडघा दाखवला. सुवर्णा हसून हसून लोळायची. मला मात्र ते लागायचं. खोटं कशाला बोलू, फार लागायचं. चोरी करत नव्हतो, लबाडी करत नव्हतो. या बाईंनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत माझा धंदा जसा आहे तसा सांगावा, एवढीच माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर बाई उतरल्या त्या तोंडाला स्कार्फ गुंडाळून. मी ओळखलंच नाही. त्यांनीच गाडीचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"काढा गाडी."

"कुठं?"

"कुठंही. इथं आमच्या शाळेचे लोक असतात."

आयर्विन पुलाच्या अलीकडं, नदीकाठाला मी गाडी लावली. बाईंनी इकडंतिकडं बघितलं, स्कार्फ सोडला आणि हनुवटी वर केली.

"बघा."

जावयानं सासूच्या हनुवटीकडं निरखून बघायचं असतं का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण बघितलं. हनुवटीखाली राठ केस होते. बरेचसे काळे, तीन-चार पांढरे. कुठं कुठं उपटून लाल झालेलं.

"पन्नाशीनंतर सुरू झालं हे," बाई समोर नदीकडं बघत बोलायला लागल्या. "चिमट्यानं उपटायचे. कुणाला कळत नव्हतं. पण दिवाळीनंतर शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला ना, तेव्हा मोठा पडदा लावला होता. मी भाषणाला उभी राहिले आणि माझं तोंड त्या पडद्यावर घराएवढं झालं. पुढची पोरं हसायला लागली. मला वाटलं, माझा विनोद कळला. मग एक पोरगी म्हणाली, 'अय्या, बाईंना दाढी!'"

त्यांचा आवाज कापला. मी बाईंचा आवाज कापताना पहिल्यांदाच ऐकला.

"ज्या मैदानावर माझ्या एका शिट्टीनं हजार पोरं गप्प व्हायची, तिथून मी भाषण अर्धं टाकून खाली उतरले, निरंजनराव. घरी येऊन रडले. अण्णांना म्हटलं, डोकं दुखतंय." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच ताठ बसल्या. "रथसप्तमीला पुन्हा तोच पडदा आहे. शाळेच्या पाटोळेनं ठरवलाय. तुमचं ते मशीन… त्यानं होईल का?"

"होईल," मी म्हणालो. "का नाही होणार!"

डॉक्टर ऐनापुरे मॅडमकडं माझंच मशीन होतं. मॅडम मोठ्या हुशार आणि फटकळ. त्यांनी सासूबाईंना दिव्याखाली बसवलं, गाल बघितला, हनुवटी बघितली, कपाळ बघितलं.

"उन्हात किती असता?"

"मी? छे!" सासूबाई म्हणाल्या. "दुपारच्या उन्हात मी पाऊल टाकत नाही."

"आणि सकाळी?"

"सकाळचं ते कोवळं. ते तर औषधच."

"जरा घड्याळ काढता का हातातलं?"

बाईंनी घड्याळ काढलं. पट्ट्याखालची कातडी गोरीपान आणि आजूबाजूचा हात चांगला रापलेला. ऐनापुरे मॅडम माझ्याकडं बघून हसल्या.

"ही बघा तुमच्या कोवळ्या उन्हाची सही. बाई, आज मी मशीन लावणार नाही."

"का?"

"हे मशीन काळा रंग शोधत जातं. केसाच्या मुळात सापडला की तिथं उष्णता सोडतं आणि मूळ मारतं. पण ऊन खाऊन कातडीच काळवंडली असेल तर ती उष्णता कातडीत उतरते. चटका बसतो, डाग पडतो. केस परवडले, पण तो डाग महिनोन्महिने हलत नाही. आधी उन्हातून बाहेर या. चेहरा झाकायचा, सनस्क्रीन लावायचं, अगदी कोवळं ऊनसुद्धा तोंडावर घ्यायचं नाही. कातडी मूळ रंगावर आली की मग या. मशीन लावल्यावरही निदान दोन आठवडे तेच पथ्य. आणि चिमटा आजपासून बंद. मूळच उपटलंत तर मशीनला सापडणार काय?"

"मग वाढले तर?"

"रेझर फिरवायचा. त्यानं वरचा केस जातो, मूळ राहतं."

बाई खुर्चीत मागं सरकल्या. "मी? दाढी करू?"

"करा की. अर्धं जग करतं. आणि हे जे पांढरे आहेत ना, ते जाणार नाहीत. त्यांच्यात काळा रंगच नाही, मशीनला ते दिसतच नाहीत."

परत जाताना सांगलीत विश्रामबागचा चौक ओलांडल्यावर बाई म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांना उन्हात बसवलं. आता मीच सावलीत लपू? आणि नमस्कार कुठं घालू? खोलीत? पंख्याला?"

मला एकदम सुचलं. "अण्णांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये घाला ना."

तासगाव म्हणजे द्राक्षं आणि बेदाणा. अण्णांच्या मळ्यात बेदाण्याची लांबलचक शेड होती. आत जाळीचे कप्पे, चारी बाजूंनी हिरवी नेट सोडलेली. वारा आत खेळतो, ऊन आत येत नाही. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, शेड रिकामीच होती. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "पूर्वेकडं तोंड करता येईल तिथं."

बाई गच्चीवरून गायब झाल्या आणि गावात एकच गहजब उडाला. पहिल्यांदा म्हणे त्या तीर्थयात्रेला गेल्या. मग कुणीतरी त्यांना तोंड बांधून मळ्यात जाताना बघितलं, तेव्हा म्हणे अर्धांगवायू झाला आणि तोंड वाकडं झालं. सुवर्णाच्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले.

"अहो, आईला काहीतरी झालंय आणि ती लपवतेय," सुवर्णा मला म्हणाली. "गच्चीवर जात नाही म्हणजे काय? ताप असला तरी जाणारी बाई ती!"

"थंडी असेल."

"तुम्ही मेडिकल लाइनमध्ये आहात ना? मग जरा विचारा तरी!" असं म्हणून ती हसली खरी, पण डोळ्यांत काळजी होती. माझी अवस्था काय सांगू! बायकोशी खोटं बोलायचं, तेही तिच्या आईसाठी. जेवण गोड लागेना.

संक्रांतीला आम्ही तासगावला गेलो. सुवर्णा हळदीकुंकवाच्या तयारीत अडकली आणि बाईंनी मला डोळ्यांनी खूण केली. मी गुपचूप मागोमाग शेडमध्ये. बाईंनी स्कार्फ सोडला तर हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवलेला.

"हे काय?"

"यांचा रेझर घेतला होता," बाई चोरट्या आवाजात म्हणाल्या. "कापलं. कसा फिरवायचा असतो तो?"

मग काय, मी नवा रेझर आणून दिला आणि बेदाण्याच्या कप्प्याला आरसा टेकवून माझ्या सासूला दाढी करायला शिकवली. "वरून खाली, बाई. दाबू नका. कातडी ताणून धरा, अशी." बाई एकाग्रतेनं रेझर फिरवत होत्या. एवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. बाईंच्या हातातला रेझर खाली पडला. नेटच्या पलीकडं अण्णांची टोपी दिसली, जरा थांबली आणि गेली.

दुपारी जेवताना अण्णा ताटातल्या गुळपोळीकडं बघत म्हणाले, "माझा रेझर बोथट कशानं झाला, कळंना बुवा."

"जुना झाला असेल," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना न विचारता तूप वाढत सुटल्या. सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. मी पोळीत तोंड खुपसलं.

पथ्य सुरू होऊन महिना उलटून गेला होता. बाईंची कातडी चांगली निवळली होती, घड्याळाच्या पट्ट्याची खूण जवळजवळ पुसली होती. ऐनापुरे मॅडमनी दिव्याखाली नीट बघितलं, खूश झाल्या आणि मशीन लावलं. बाईंनी मूठ आवळून सगळं सोसलं. रबर ताणून सोडल्यावर बसतो तसा चटका, आणि जळक्या केसांचा वास.

"एवढंच?" बाई उठून बसल्या. हनुवटी लालबुंद होती.

"एवढंच. पुन्हा यावं लागेल, एका फेरीत भागत नाही. आणि पथ्य लक्षात आहे ना? दोन आठवडे ऊन नाही."

"आहे," बाई म्हणाल्या.

गाडी सांगलीबाहेर पडली आणि मला उगीच आठवलं. "बाई, रथसप्तमी कधी आहे हो?"

"पुढच्या आठवड्यात."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर आज केलं. पडद्यावर जायच्या आधी नको का व्हायला?"

"अहो पण ते मैदान उघडं! समोर पूर्व! सगळं ऊन सरळ तोंडावर!"

"सकाळचं कोवळं…" बाईंनी सुरुवात केली आणि आपली आपणच थांबल्या. मनगटाकडं बघितलं. "सनस्क्रीन लावेन की."

"नुसत्या सनस्क्रीननं भागत नाही. आत्ता ही कातडी तान्ह्या पोराची आहे. डाग पडला तर? आतापर्यंत निदान उपटता येत होतं. डाग काय उपटणार?"

"मग काय करू?" बाई माझ्यावरच खेकसल्या. "तोंड बांधून नमस्कार घालू? आधीच गावानं माझं तोंड वाकडं करून टाकलंय. न गेले तर मला मारूनच टाकतील!"

"मग सांगून टाका ना सरळ."

"काय सांगू? म्हेत्रेबाईंनी दाढी काढली?" त्यांचे डोळे भरून आले. "निरंजनराव, तुम्ही कुणाला काही बोलणार नाही. शपथ घ्या."

घेतली शपथ. करतो काय! पण जिवाला चैन नव्हतं. बाईंना डाग पडला असता तर आयुष्यभर माझ्या मशीनचा उद्धार झाला असता, हे होतंच. पण खरं सांगू का, मला सारखा तो नदीकाठ आठवायचा आणि त्यांचा कापरा झालेला आवाज.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आम्ही तासगावला मुक्कामाला गेलो. मी गाडीत एक छत्री टाकली होती. घरातली मोठी अशी तेवढी एकच, कंपनीनं दिलेली. पांढरीशुभ्र, दोन माणसं आरामात मावतील एवढी, आणि तिच्यावर बाईमाणसाच्या गुळगुळीत पायाचं चित्र. खाली लिहिलेलं, 'नको असलेल्या केसांना कायमचा निरोप'. ती उघडायची माझी हिंमत होणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी टाकली.

सकाळी छत्री काखेत मारून मैदानावर पोचलो आणि बघतच राहिलो. व्यासपीठाच्या पूर्वेला उंच बांबू उभे होते आणि त्यांच्यावर बेदाण्याच्या शेडची हिरवी नेट ताणलेली. एक पदरी नव्हे, चांगली तीन-चार पदरी. वरूनही छप्पर केलेलं. अण्णा शिडीवर चढून शेवटची गाठ मारत होते.

"अण्णा, हे काय?"

अण्णा शिडीवरून उतरले, धोतर झटकलं. "बेदाणा उन्हात टाकला की काळा पडतोय, जावईबापू. एवढं आम्हालाबी कळतंय."

"म्हणजे तुम्हाला…"

"बत्तीस वर्षं संसार केलाय. बायको डोकं दुखतंय म्हणून कधी रडते आणि कशानं रडते, ते कळत नसंल का? तिनं सांगितलं नाही, म्या विचारलं नाही." आणि अण्णा बांबू हलवून बघायला लागले.

मैदान भरलं. पोरं रांगेत, बायका रांगेत, पुढारी खुर्च्यांवर. मोठा पडदा चालू झाला. बाई आल्या. स्कार्फ होता, तो त्यांनी व्यासपीठाच्या पायरीवर सोडला. चेहऱ्यावर सनस्क्रीनचा पांढरा थर. नेट बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग अण्णांकडं बघितलं. अण्णा बांबूकडं बघत होते.

तेवढ्यात उत्सव मंडळाचे चिटणीस पाटोळे सर तरातरा आले. "बाई, हा काय प्रकार आहे? सूर्याची पूजा आणि सूर्याच्या तोंडावर पडदा? लोक नावं ठेवतील. काढा हो ती नेट!"

दोन पोरं बांबूकडं सरकली. अण्णा मध्ये उभे राहिले. मी छत्री घट्ट धरली. आता ही नेट निघाली तर ऊन सरळ बाईंच्या तोंडावर, आणि नाही निघाली तर गावभर चर्चा.

बाईंनी माइक घेतला. "पाटोळे, हात खाली."

पाटोळे सर पन्नाशीचे, मुख्याध्यापक होते. पण सातवीत बाईंच्या हाताखाली होते. हात खाली गेले.

"आभाळ भरून आलं की तू नमस्कार घालायचा थांबतोस का? ढगाआडून पोचतो, तो नेटआडून पोचणार नाही?"

मैदान हसलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, निभावलं! आता आकडे सुरू होतील आणि सगळं झाकलेलं झाकलेलंच राहील.

पण पाटोळे सर खरंच काळजीत होते. ते हळू बोलले, पण माइक समोरच होता, सगळ्या मैदानानं ऐकलं. "तसं नाही बाई. पण गावात काय काय बोलतात. तुमचे जावई मेडिकल लाइनमध्ये आहेत, तेही सारखे येतात म्हणे. काही मोठा आजार आहे का? असेल तर आम्ही आहोत."

बायकांच्या रांगेत सुवर्णाचा हात तोंडावर गेला. ती रडायच्या बेतात होती. बाईंनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. शपथ होती ना.

"ए कॅमेरावाल्या," बाई म्हणाल्या. "जवळ ये. अजून जवळ. हनुवटीवर धर."

पडद्यावर बाईंची हनुवटी घराएवढी झाली. बाईंनी भूगोलाच्या तासाला नकाशावर ठेवतात तसं बोट तिच्यावर ठेवलं.

"इथं मला केस यायचे. राठ. मागच्या वेळी याच पडद्यावर तुम्ही ते बघितले आणि हसलात. बरोबर? मग मी लेझर करून घेतलं. आजार नाही, अर्धांगवायू नाही, तोंड वाकडं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दोन आठवडे ऊन तोंडावर घ्यायचं नाही. सकाळचंसुद्धा नाही. मी जन्मभर तुम्हाला शिकवलं की कोवळ्या उन्हानं काही होत नाही. ते अर्धंच शिकवलं. कातडीवर असला उपचार चालू असेल तर कोवळंसुद्धा बाधतं. ही नेट माझ्या नवऱ्यानं न सांगता बांधलीय, आणि ती निघणार नाही."

कुणी हसलं नाही. बायकांच्या रांगेतून पहिली टाळी आली आणि मग सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. अण्णा टोपी सारखी करत राहिले.

बाईंनी हात वर केला. गप्प.

"आणि अजून एक. ते तिथं छत्री घेऊन उभे आहेत ते माझे जावई, निरंजन खाडे. ते डॉक्टर नाहीत. मेडिकल लाइन वगैरे काही नाही, ते मीच पसरवलं होतं. ते केस काढायची लेझर मशीनं विकतात. त्यांच्याच मशीननं माझं काम झालं. कुणाला विचारायचं असेल तर कार्यक्रम झाल्यावर त्यांना विचारा. गुडघे दाखवू नका. सावधान!"

हजार टाचा एकदम जुळल्या. माझ्या डोळ्यांसमोर सगळं मैदान पाण्यात बुडाल्यासारखं झालं, म्हणून मीही सावधानमध्ये उभा राहिलो. नेटमधून गाळून आलेल्या हिरव्या सावलीत बाई पूर्वेकडं वळल्या, हात जोडले आणि पहिला आकडा दिला.

कार्यक्रम संपल्यावर बायकांचा मला गराडा पडला. "भाऊ, वरच्या ओठाला चालतं का?" "माझ्या पोरीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे, हळद उन्हात आहे, मग काय करायचं?" "पुढच्या महिन्यात असेल तर लग्न उरकल्यावर करा, मावशी," मी सांगत होतो, आणि सुवर्णा शेजारी उभी राहून माझ्या दंडाला चिमटे काढत होती. "माझ्याशी खोटं बोललात! आईची दाढी! आणि मला सांगितलं नाही!" हसत होती आणि रडतही होती.

ऊन चढलं. नेट व्यासपीठापुरतीच होती आणि गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. बाई स्कार्फ गुंडाळून पायरीवर थांबल्या.

"निरंजन, छत्री उघडा."

'राव' गेला होता. माझ्या ते जरा उशिरा लक्षात आलं.

"बाई, ती… तिच्यावर चित्र आहे."

"मला माहीत आहे कसलं आहे ते. तुमच्या गाडीत बघितलंय. उघडा."

मी उघडली. गुळगुळीत पाय भर मैदानात, भर गावात झळकला. बाई छत्रीखाली आल्या आणि मैदानाच्या मधून, सगळ्या गावासमोरून, शाळेतल्या संचलनासारख्या ताठ चालायला लागल्या. मी त्यांच्या पावलाला पाऊल मिळवत छत्री धरून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाईंची हनुवटी स्वच्छ आहे, फक्त ते तीन-चार पांढरे केस तेवढे आहेत. "ते असू देत," त्या म्हणतात, "ते वयाचे." पथ्य संपल्यावर त्या पुन्हा गच्चीवर जायला लागल्या, पण आता डोक्यावर अण्णांची जुनी टोपी असते. गावोगाव फिरून मशीनं विकायचं मी कधीच सोडलं, आता त्याच मशीनांचं माझं स्वतःचं दुकान आहे. ती छत्री मात्र त्यांनी मला परत दिली नाही. अजून त्या तीच घेऊन बाजाराला जातात. कुणी हसून विचारलं, "बाई, हे काय हो चित्र?", तर छत्री जरा वर धरून सांगतात, "माझ्या जावयाच्या धंद्याची आहे."